दोरी ओढली की आवाज होणारच

हेन्रीचा टॉर्च सेलवर चालत नाही. त्याला एक दोरी आहे. ती खस्सकन ओढायची, आतला डायनॅमो घरघरतो, तीन-चारदा ओढली की पिवळट उजेड पडतो आणि थोड्याच वेळात मिणमिणत विझतो. परत दोरी. पहिल्यांदा ती घरघर ऐकली तेव्हा मी घाईघाईने हेडफोनचा आवाज कमी केला. जणू काही त्रास माझ्या कानांना होत होता! ऐकणारा भिंतीच्या आत होता आणि त्याने ऐकलं होतं. कोपऱ्यातल्या भोकातून थोडी माती सुटली. मग दगडावर नखं घासल्याचा आवाज, आधी डावीकडून, नंतर डोक्यावरून.

‘अ‍ॅम्नेशिया: द बंकर’ हा गेम स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सने जून २०२३मध्ये आणला. या कंपनीचा धंदाच माणसांना अंधारात घाबरवण्याचा. २०१० साली त्यांचा पहिला ‘अ‍ॅम्नेशिया’ आला, तेव्हा यूट्यूबवर खेळता खेळता किंचाळणाऱ्या मंडळींचं पेवच फुटलं होतं. त्यात हातात शस्त्र नावाला नव्हतं. राक्षस आला की पळायचं, कपाटात शिरायचं आणि त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, कारण नुसतं बघितलं तरी नायकाचं डोकं फिरायला लागायचं. ‘बंकर’मध्ये रिव्हॉल्व्हर मिळतं. हे वाचून मी आधी नाक मुरडलं होतं. म्हटलं, झालं, आता हाही ठोकाठोकीचा गेम. तसं अजिबात नाही. गोळ्या मोजक्या. किती उरल्या हा आकडा स्क्रीनवर कुठेही येत नाही. चेंबर उघडून बघायचं आणि एकेक गोळी हाताने भरायची, तीही समोर काय येतंय याची वाट बघत. नेम बरोबर लागला तरी तो भिंतीतला प्राणी मरत नाही. थोडा वेळ बिळात परत जातो, एवढंच. आणि गोळीच्या आवाजापुढे त्या टॉर्चची घरघर म्हणजे काहीच नाही.

गोष्ट पहिल्या महायुद्धातली, १९१६ची. हेन्री क्लेमाँ हा फ्रेंच सैनिक जखमी होऊन जमिनीखालच्या बंकरमध्ये शुद्धीवर येतो. आसपास मेलेली माणसं आणि त्यांच्यावर ताव मारणारे उंदीर. बाहेर पडायची वाट अधिकाऱ्यांनीच सुरुंग लावून बंद केलेली, कारण आत जे काही मोकाट सुटलंय ते बाहेर पडता कामा नये. आता तीच वाट पुन्हा उडवायची तर डायनामाइट पाहिजे आणि डिटोनेटरचा दांडा पाहिजे. दोन्ही बंकरच्या पोटात कुठेतरी, कुलपांआड. म्हणजे मुळात हा कोड्यांचा गेम आहे. साखळी तोडायला कटर, कटर मिळवायला एक खोली, खोलीसाठी आणखी काही. शांतपणे बसून सोडवायला दिली तर यातली बरीचशी कोडी सहज सुटतील. शांतपणे बसू देणं तेवढं त्यांनी ठेवलेलं नाही.

बंकरच्या मध्यावर एक जनरेटर आहे. तो चालू तोवर दिवे लागलेले आणि दिवे लागलेले असले की तो प्राणी जरा दबून असतो. जनरेटरला इंधन लागतं, इंधनाचे डबे बंकरभर विखुरलेले आणि खिशात जागा तर मुळीच नाही. हेन्रीजवळ एक खिशातलं घड्याळ असतं, त्यावर किती इंधन उरलंय ते कळतं. तर होतं असं, की डबा ओतला, जनरेटर सुरू झाला, दिवे लागले, की आपली पहिली प्रतिक्रिया ‘हुश्श’ अशी नसते. घड्याळ बघायचं आणि निघायचं. कारण आता प्रत्येक मिनिटाला पैसे पडतायत.

माझं शाळा-कॉलेज भारनियमनाच्या काळात झालं. २००५नंतरची ती वर्षं तालुक्याच्या गावात ज्यांनी काढली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. वीज जायच्या आधीची पंधरा मिनिटं घरात जी पळापळ चालायची, मोटर लावा, मिक्सर फिरवून घ्या, इस्त्री उरका, तीच पळापळ या गेममध्ये आहे. अंधाराचा त्रास अंधार झाल्यावर जेवढा व्हायचा त्याहून जास्त तो होणार म्हणून व्हायचा. आमच्याकडे निदान वेळापत्रक ठरलेलं असायचं आणि त्यावर चिडायला वीजमंडळ होतं. इथे घड्याळ आपल्याच खिशात, डबा आपणच ओतलेला. उगीच त्या तिसऱ्या खोलीत ड्रॉवर उपसत बसलो म्हणून दिवे गेले तर चिडायचं कोणावर?

या गेमची खरी मेख माझ्या मते इथेच आहे. तो प्राणी बहुतेक वेळा आपल्यामुळे येतो. टॉर्च ओढला, आला. पळत गेलो, आला. जखम झाली, रक्त ठिबकत राहिलं, त्या वासावर आला. दार फोडलं, मग तर येणारच. त्याच्या प्रत्येक फेरीची पावती आपल्याच नावावर फाटते. बाकीच्या भयगेममध्ये राक्षस आला की मी गेम बनवणाऱ्यांना शिव्या घालते. इथे मला माझाच हात दिसतो, दोरीवर.

पाठलाग करणाऱ्यांचं हे घराणं तसं जुनं. १९८० साली नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी ‘पॅक-मॅन’ केला, त्यातली चार भुतं आठवत असतील. आम्ही टीव्हीला जोडायच्या कॅसेटवर तो गेम खेळायचो तेव्हा चारही भुतं आम्हाला सारखीच वाटायची, फक्त रंग वेगळे. प्रत्यक्षात चौघांचे स्वभाव वेगळे आहेत. लाल ब्लिंकी थेट तुमच्या मागे लागतो. गुलाबी पिंकी तुमच्या चार घरं पुढची जागा धरते, म्हणजे वाट अडवायला बघते. नारिंगी क्लाइड लांब असला की धावून येतो आणि फार जवळ आला की आपल्या कोपऱ्याकडे निघून जातो. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट निराळीच. ही भुतं सतत पाठलाग करतच नाहीत. पहिल्या पातळीवर आधी सात सेकंद ती आपापल्या कोपऱ्यांत जातात, मग वीस सेकंद पाठलाग, मग पुन्हा कोपरे. असं काही वेळा होतं आणि शेवटी मात्र ती कायमची मागे लागतात. पाठलाग अखंड ठेवला तर खेळणारा वैतागून उठून जाईल, हे तेव्हाच कोणाच्या तरी लक्षात आलं होतं.

२०१४च्या ‘एलियन: आयसोलेशन’मध्ये हाच विचार फार पुढे नेला आहे. क्रिएटिव्ह असेम्ब्ली या ब्रिटिश कंपनीने तो केला. मोडकळीला आलेल्या अवकाशस्थानकावर मागावर असलेला एलियन, आणि त्याला मारता येत नाही. त्याच्या मागे दोन मेंदू चालतात. एक सूत्रधार, त्याला तुम्ही कुठे आहात हे कायम माहीत असतं. दुसरा प्रत्यक्ष प्राण्याचा, त्याला काही माहीत नसतं. डोळे आणि कान वापरून त्याने शोधायचं. सूत्रधार प्राण्याला नेमकी जागा सांगत नाही, ‘त्या बाजूला बघ’ एवढंच सुचवतो. आणि तुमच्यावर ताण फार वाढलाय असा हिशेब झाला की तोच सूत्रधार प्राण्याला छताच्या पोकळीत मागे बोलावतो. म्हणजे कपाटात श्वास रोखून उभं असताना तो निघून गेला तर ‘वाचलो’ म्हणायचं कारण नाही. कोणीतरी दया केलेली असते, तीही पुढच्या वेळी नीट घाबरावं म्हणून.

हे सगळं मला सांगितलं माझ्या भाच्याने. तो इंजिनिअरिंगला आहे आणि सुट्टीत आमच्याकडे राहायला आला की त्याला दोन गोष्टी लागतात, रात्री उशिरा मॅगी आणि मावशीची फजिती. त्याचं म्हणणं असं, की आतली यंत्रणा कळली की भीती जाते. “अगं मावशी, तो फक्त कोड आहे. तुझा आवाज एका गोलात पसरतो, तो त्या गोलात असला तर येतो. नसला तर नाही. सिंपल.” मी म्हटलं, मग तू बस.

तो बसला. आणि खरं सांगते, त्याच्या खेळण्यातून मला गेमची दुसरी बाजू दिसली. मी कुलूप दिसलं की किल्ली शोधायला लागायचे. पंधरा खोल्या पालथ्या घालायचे. हा पठ्ठ्या लाकडी दारासमोर उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यातली वीट उचलली आणि दारावर हाणली. फळी तडकली. दुसरी वीट. दार अर्धं निखळलं. “असं चालतं?” मी विचारलं. “का नाही चालणार? लाकूड आहे ते.” आणि चालतं. हेच या गेममधलं मला सगळ्यात आवडणारं काम आहे. कोडं सोडवायचा एकच अधिकृत मार्ग इथे नाही. लाकडाचं दार विटेने फुटेल, गोळीने फुटेल, हातबॉम्बने फुटेल. उंदरांचा घोळका वाटेत असेल तर आग दाखवा, पांगतील; किंवा एखादं प्रेत दुसरीकडे ओढून न्या, ते तिकडे जातील. खऱ्या जगात जे चालेलसं वाटतं ते इथेही बहुतेक वेळा चालतं. कोडी रचणाऱ्याने खेळणाऱ्यावर एवढा विश्वास टाकलेला मी फार कमी गेममध्ये पाहिलाय.

फक्त तिसरी वीट लागल्यावर भिंतीत घरंगळल्यासारखा आवाज झाला आणि सिंपल कोडवाले इंजिनिअर साहेब खुर्चीत दोन्ही पाय वर घेऊन बसले. “मावशी, लपू कुठे? मावशी, सांग ना!” टेबलाखाली. टॉर्च विझलेला. प्राणी खोलीत आला. तो नीट दिसत नाही, हे या गेमचं दुसरं शहाणपण. उंच काहीतरी, वाकलेलं, श्वास घेताना फुप्फुसात पाणी भरल्यासारखा आवाज. टेबलाभोवती एक फेरी मारली, थांबला. भाच्याने माऊसवरचा हातसुद्धा काढून घेतला होता. आवाज गोलात पसरतो, गोल स्क्रीनच्या आतच असतो, हे सगळं ठाऊक असूनही तो माझ्याशी कुजबुजत बोलत होता.

सुरक्षित खोलीबद्दल थोडं सांगायला हवं. तिथे एक कंदील आहे, तो वापरला की गेम सेव्ह होतो. दुसरीकडे कुठेही, आपल्या मनाला येईल तिथे, सेव्ह करता येत नाही. भिंतीवर बंकरचा नकाशा टांगलेला, तो काढून बरोबर नेता येत नाही. त्यामुळे निघण्याआधी नकाशासमोर उभं राहून वाट पाठ करायची: इथून डावीकडे, पायऱ्या, दुसरं दार, परत याच वाटेने. मी गेमचा निम्मा वेळ त्या नकाशासमोर घालवला असेन. ही खोली भीतीतून सुटका म्हणून ठेवलीय असं वाटतं खरं, पण मला सगळ्यात जास्त धडधड तिथेच व्हायची. प्राण्यासमोर पडलं की विचार करायला वेळ नसतो. दाराचा अडसर काढायचा का आणखी जरा थांबायचं, हा विचार करायला मात्र हवा तेवढा वेळ असतो, आणि तेवढ्यात बाजूला जनरेटर आपलं इंधन पीत असतो.

बंकरमध्ये सैनिकांचे लॉकर आहेत, प्रत्येकाला आकड्यांचं कुलूप. आकडे कुठे सापडतात? मेलेल्या सैनिकाच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर. बिल्ला हातात घ्यायचा, उलटा करायचा, मागे कोड असतो. पुढच्या बाजूला नाव. पहिले एक-दोन बिल्ले मी नाव न वाचता सरळ उलटे केले. नंतर कळलं की लॉकरवरही नावंच आहेत, म्हणजे नाव वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. कोणाचा लॉकर, कोणाचं प्रेत, याची सांगड घालायची. मग त्याची एखादी चिठ्ठी सापडते, त्याला पत्त्यांचा नाद होता, त्याला घरून पत्र आलेलं नव्हतं. आत बहुधा एखादी पट्टी, दोन गोळ्या, नशीब असेल तर इंधनाची बाटली. या कोड्यात बुद्धी अशी काही लागत नाही. पण गेमने अगदी साळसूदपणे मला मेलेल्यांची हजेरी घ्यायला लावली.

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या गावची ४६ माणसं गेली. त्या युद्धात माणसं पाठवलेल्या आपल्याकडच्या कितीतरी गावांत इंग्रज सरकारने दगडी पाट्या लावल्या: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. नावं नाहीत, नुसते आकडे. याच १९१६च्या एप्रिलमध्ये सहाव्या पूना डिव्हिजनने मेसोपोटेमियातल्या कूत इथे शरणागती पत्करली, उपासमारीने टेकीला येऊन. त्यात मराठा पलटणी होत्या. गेममध्ये यातलं काही नाही आणि असायचं कारणही नाही, तो फ्रेंच खंदकाचा गेम आहे. पण बिल्ला उलटा करताना मला दर वेळी त्या पाट्या आठवायच्या.

आता पुढचा मजकूर गोष्ट फोडणारा आहे. ज्यांना खेळायचाय त्यांनी इथून परत फिरावं.

तो प्राणी म्हणजे ऑगस्तँ लाँबेर, हेन्रीचा जिवलग मित्र. गस्तीवर खरं तर हेन्री जाणार होता. त्याने डावात लबाडी केली आणि पाळी लाँबेरवर ढकलली. लाँबेर परत आला नाही, तेव्हा हेन्री त्याला शोधायला दोन्ही सैन्यांच्या खंदकांमधल्या ओसाड पट्ट्यात गेला आणि तोफगोळ्याने पडलेल्या एका खड्ड्यात तो जखमी सापडला. तहानलेला होता. हेन्रीने त्याला खड्ड्याच्या तळाशी साचलेलं पाणी पाजलं. ते पाणी साधं नव्हतं. लाँबेर त्या पाण्याने जगला आणि त्याचं हे झालं.

हे कागदपत्रांच्या तुकड्यांतून कळत गेलं तेव्हा माझा पहिला विचार असा होता की, अरे, हे तर मला आधीपासून ठाऊक होतं. गोष्ट ठाऊक नव्हती, पण तिचा कायदा ठाऊक होता. कित्येक तास हा गेम मला हेच शिकवत होता, की जे मागे लागलंय ते तूच उठवलंस. टॉर्चच्या दोरीत, विटेत, गोळीत जी गोष्ट होती, तीच या पाण्यात निघाली. गेमची गोष्ट आणि गेमचे नियम अनेकदा एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले असतात. मधल्या चित्रफितीत नायक हळवा होतो आणि फीत संपली की शंभर माणसं मारतो. इथे दोन्ही एकाच अंगाने चालतात. त्यातही लबाडीपेक्षा पाणी मला जास्त बोचतं. लबाडी ही लबाडीच होती. पाणी तर त्याने प्रेमाने दिलं होतं.

तक्रारी आहेत. शेवटचा टप्पा मला फिका वाटला. इतका वेळ भिंतीत राहिलेला प्राणी अखेर समोर आणतात आणि त्याला हरवायची एक ठरीव कसरत करायला लावतात. बघितल्यावर तो लहान झाला. उंदीरही कंटाळा आणतात. शिवाय सेव्हची खोली लांब असल्याने मेलं की बराच भाग पुन्हा, आणि पुन्हा करताना भीतीची जागा चिडचिड घेते. पॅक-मॅनच्या भुतांना जी विश्रांती होती, तिचं माप इथे दर वेळी नीट जमलेलं नाही. पण एकूण गेम लहान आहे, रटाळ व्हायच्या आत संपतो, हे बरं.

दुसऱ्यांदा खेळताना बंकर तोच, मात्र आतली मांडामांड बदललेली असते. लॉकरचे कोड वेगळे, इंधन दुसऱ्याच खोल्यांत, सुरुंगाच्या तारा नव्या जागी. मागच्या वेळी लिहून ठेवलेली वही निरुपयोगी. भाच्याला हे फार आवडलं. त्याने माझ्याकडून खुर्ची काढून घेतली आणि अगदी पहिल्यापासून सुरुवात केली: खंदक, धूर, तोफा, मग खड्डा. लाँबेर पाणी मागायला लागला. तोवर त्याला पुढचं सगळं माहीत झालेलं होतं, त्यामुळे तो काही पाणी देईना. खड्ड्याच्या कडेने फिरला, वर चढायला बघितलं, आसपास काही उचलता येतंय का ते तपासलं, एवढंच काय, नुसता उभा राहूनही पाहिलं.

“मावशी, दुसरं पाणी कुठेच नाही का गं?”

मीही शेजारी बसून शोधत होते. लाकडाचं दार तीन तऱ्हांनी फोडू देणारा हा गेम, म्हटलं इथेही एखादी पळवाट ठेवली असेल. नव्हती. लाँबेर मागत राहिला, शेवटी भाच्याने तळाशी वाकून पाणी भरलं आणि मला म्हणाला, “हे चीटिंग आहे.”